वेणूमायचा निरोप

राजापूरच्या स्टँडवर बाबा एसटीच्या खिडकीखाली उभे होते आणि मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, "बाय, पोचलीस की कळव." कसं कळवायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. आमच्या वाडीत फोन नव्हता. पत्र टाकलं तर आठ दिवस, पावसाळ्यात पंधरा. तरी मी प्रत्येक वेळी "हो बाबा" म्हणत होते. शेजारच्या सीटवर सुलभाआत्या मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. ती बाबांची चुलत बहीण, सिल्वासाच्या मराठी शाळेत बाई. मे महिन्याची सुट्टी संपवून ती परत निघाली होती आणि जाताना मला सोबत नेत होती. "तिकडे मुलींना ऑफिसात कामं मिळतात," एवढ्या तिच्या वाक्यावर माझं गाव सुटलं. आईने कुळथाचं पीठ, आमसुलं आणि सुके बांगडे असं बांधून दिलं होतं की मुंबईपर्यंत आमच्या मागच्या सीटवर कुणी बसलं नाही.

परवा आपल्या भावंडांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर नितीनच्या मुलीने विचारलं, "कल्पीआत्या, तू पूर्वी मेसेज पाठवण्याची नोकरी करायचीस म्हणे. म्हणजे काय करायचीस?" तिला दोन ओळींत उत्तर देता येईना. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. गावी राहिलेल्या तुमच्यासाठी, आणि माझ्यासारख्याच घरून निघून त्या ऑफिसात हेडफोन लावून बसलेल्या चौघींसाठी, ज्या आता कुठे कुठे संसार करतात.

ऑफिस किलवणी नाक्याजवळ, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर होतं. गच्चीवर उंच लोखंडी खांब, खाली एका लांब खोलीत पाच टेबलं, पाच कॉम्प्युटर आणि आम्ही पाच मुली. तेव्हा नुकते पेजर आले होते. आजच्या पोरांनी पाहिलेला नसेल. काडेपेटीहून जरा मोठी काळी डबी, कमरपट्ट्याला अडकवायची. तिच्यावर निरोप यायचा, पण तिच्यावरून निरोप देता यायचा नाही. ज्याला निरोप द्यायचा त्याने आम्हाला फोन करून पेजरचा नंबर आणि मजकूर सांगायचा. आम्ही तो टाइप करायचो, वाचून दाखवायचो, बटण दाबायचो, आणि नरोलीच्या नाहीतर खडोलीच्या कुठल्यातरी कारखान्यात एका माणसाची कंबर थरथरायची. मराठी अक्षरं त्या डबीत उमटायची नाहीत. मराठी, गुजराती, हिंदी, काय असेल ते इंग्रजी अक्षरांत लिहायचं आणि थोडक्यात आटपायचं. फोन करणाऱ्याशी गप्पा मारायच्या नाहीत, असा पक्का नियम होता.

आमचे इनचार्ज देसाईसर हा नियम रोज सकाळी सांगायचे. मी पहिले सहा महिने तो पाळला. मग वेणूमायचा फोन आला.

तिचं खरं नाव वेणूबाई. चोपड्याकडच्या एका खेड्यातली. मुलगा सुपडू नरोलीच्या धाग्याच्या कारखान्यात डिस्पॅचला होता, म्हणजे तयार माल गाडीत भरून पाठवायच्या कामावर. कंपनीने त्याला पेजर दिला होता. त्याने नंबर चिठ्ठीवर लिहून आईला दिला. दर गुरुवारी ती तालुक्याच्या बाजाराला यायची, एसटीडी बूथवाल्याकडून नंबर लावून घ्यायची आणि मोठ्या आवाजात अहिराणीत सुरू करायची. पहिल्या दिवशी मला अर्धंच कळलं. मी नियमाप्रमाणे म्हटलं, "निरोप सांगा." ती म्हणाली, "तू कोन शे, बेटा? तू सुपडूना जोडे बठेल शे का?"

तिचा समज असा की फोन मुलाच्या कारखान्यात लागतो आणि मी त्याच्या शेजारी बसलेली कुणीतरी पोरगी आहे. मी समजावलं की मी लांब आहे, मी फक्त निरोप पोचवते. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तो जेवना का?"

आता मला काय ठाऊक तो जेवला की नाही. पण तिने ज्या आवाजात विचारलं, तशीच माझी आई तिकडे परसात कुणाला तरी विचारत असणार आणि कुणीच उत्तर देत नसणार. मी म्हटलं, "जेवला, माय." तिला बरं वाटलं, मलाही. त्यानंतर दर गुरुवारी हा प्रश्न आणि हे उत्तर ठरून गेलं.

तिचे निरोप लांबलचक असत. ती पाच मिनिटं बोले, मी त्याचे चार शब्द करी. पाणी उकळून पी. उन्हात डोक्याला फडकं बांध. कांदा खिशात ठेव. यातला कांद्याचा तोडगा खानदेशातला, ऊन लागू नये म्हणून. खाली नाव लिहू का विचारलं तर म्हणायची, "नाव कशाले? त्याले समजस." खरंच होतं. असे निरोप दुसरं कोण देणार?

सत्त्याण्णवचा तो उन्हाळा फार कडक होता. एका गुरुवारी वेणूमाय काळजीत होती. गावातल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं की सिल्वासाला गेलेली पोरं मासे खायला लागतात, दारू प्यायला लागतात. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या तुळशीची माळ. सुपडूच्या गळ्यात तिने स्वतः घातलेली. ती बराच वेळ बोलली आणि शेवटी म्हणाली, "त्याले सांग, काहीबी होऊ दे, माळ काढू नको." आदल्या संध्याकाळी सुरमई खाल्लेल्या मी तो निरोप गंभीर चेहऱ्याने टाइप केला, तिला वाचून दाखवला आणि पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देसाईसर लॉगबुक घेऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले. नरोलीच्या कारखान्यातून तक्रार आली होती. आदल्या दिवशी साडेअकरा वाजता त्यांच्या डिस्पॅचच्या पेजरवर हुकूम आला की माल काढू नको. भरलेला ट्रक साडेतीन तास गेटवर उभा राहिला. मग कळलं की मॅनेजरने असा हुकूम दिलेलाच नाही. तेव्हा हा निरोप कुणी दिला?

मी लॉगबुकातली माझी ओळ पाहिली. इंग्रजी अक्षरांत माळ आणि माल सारखेच दिसतात. आधी मला हसू आलं, मग गेटवर उभा राहिलेला ट्रक आठवला. मी सरांना सगळं सांगितलं. वेणूमाय, जेवला का, कांदा, सगळं. सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "कल्पना, हे मी वर लिहून पाठवलं तर तुझी नोकरी जाते. कारखान्याने तक्रार मागे घेतली तर लिहायची गरज नाही. तू स्वतः जा आणि माफी माग."

संध्याकाळी शाळा सुटल्यावर सुलभाआत्या माझ्याबरोबर आली. एकटीला तिने पाठवलं नसतं. रिक्षात ती मला एवढंच म्हणाली, "रडायचं नाही. काय घडलं ते सरळ सांगायचं." नरोलीच्या त्या रस्त्यावर तेव्हा एका बाजूला भाताची खाचरं आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या शेड असत. शेडच्या मागे भाड्याच्या खोल्यांच्या रांगा, दोऱ्यांवर एकाच रंगाचे गणवेश वाळत घातलेले. मी वर्षभर या लोकांचे निरोप पाठवत होते, पण ते राहतात कुठे हे पहिल्यांदा पाहत होते.

डिस्पॅचच्या केबिनमध्ये सुपडू भेटेल आणि त्याचीच माफी मागायची, असं मी धरून चालले होते. तिथे पन्नाशीचे, टक्कल पडलेले एक गृहस्थ बसले होते. नाव ईश्वरभाई, नवसारीचे. पेजर त्यांच्या कमरेला. सुपडूने दोन महिन्यांपूर्वी काम सोडलं होतं. जाताना पेजर स्टोअरमध्ये जमा केला आणि स्टोअरने तो ईश्वरभाईंना दिला.

म्हणजे दोन महिने मी वेणूमायला "जेवला" म्हणून सांगत होते आणि तो इथे नव्हताच. मी खुर्चीवर बसले ती उठेचना. आत्यानेच सगळी हकीकत सांगितली. ईश्वरभाई ऐकत होते. माळ आणि माल यांचा घोटाळा कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"बेन, एमां लिखा था, माल काढू नको. तो मैंने नहीं काढला," ते म्हणाले. "मला काय माहीत?"

आत्याने विचारलं, "पण त्याआधी जे निरोप यायचे, पाणी उकळून पी वगैरे, ते तुम्हाला विचित्र वाटले नाहीत?"

ईश्वरभाई जरा ओशाळले. मग त्यांनी पँटच्या खिशात हात घातला आणि एक लहान कांदा काढून टेबलावर ठेवला. कंपनीचा पेजर, म्हणून ते निरोप सेफ्टीवाल्यांकडून येतात असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी ते सगळ्या लोडरना लागू केले होते. मी काचेतून बाहेर पाहिलं. ट्रकमध्ये खोके चढवणाऱ्या बाराही जणांच्या डोक्याला फडकं होतं, आणि खिसे फुगलेले होते.

"यंदा एकाला पण ऊन लागला नाही," ईश्वरभाई म्हणाले. "गेल्या वर्षी तीन माणसं पडली होती. बाईंना माझ्याकडून थँक्यू सांगा." आणि तक्रार मागे घेतल्याचं पत्र त्यांनी तिथेच लिहून सही करून मॅनेजरकडे पाठवलं. मॅनेजरसाहेबांना काय सांगितलं कोण जाणे, पण सही आली.

नोकरी वाचली, पण माझ्या डोक्यातून पुढचा गुरुवार जाईना. वेणूमाय फोन करणार, जेवला का विचारणार. मी निघता निघता लोडरना विचारलं. शिरपूरकडचा एकजण म्हणाला, "ताई, सुपडू दुधनीले शे. होडीना इंजिनवर काम करस."

रविवारी आत्या आणि मी जीपमध्ये दाटीवाटीने बसून दुधनीला गेलो. धरणाचं पाणी डोंगरांच्या कुशीत शिरलेलं, काठावर होड्या, जाळी वाळत घातलेली. आत्याने आधी मासे पाहिले, मग सुपडूला. तो एका होडीच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसला होता. चोवीस-पंचवीसचा, काळासावळा, हसतमुख. हातांवर ग्रीस आणि त्या ग्रीसला चिकटलेले माशांचे खवले. मी माझं नाव सांगितलं, पेजरच्या ऑफिसातली म्हटलं. तो उठून उभाच राहिला.

"माय बरी आहे ना?"

"बरी आहे. तू जेवतोस का विचारते."

त्याने इंजिनावरच्या फडक्याला हात पुसले आणि आम्हाला झोपडीच्या सावलीत बसवलं. खोके मोजायच्या कामात त्याचा जीव लागत नव्हता. इंजिन हेच त्याचं वेड. इथल्या मासेमारीच्या ठेकेदाराला मोटारबोटी सांभाळणारा माणूस हवा होता, तो आला आणि रमला. पण माळकऱ्याचा मुलगा मासळीच्या धंद्यात, हे घरी कसं कळवायचं? पत्रात तो फक्त "मी मजेत आहे" एवढंच लिहायचा. झोपडीच्या खांबाला खिळा होता आणि खिळ्याला तुळशीची माळ टांगलेली. माझी नजर तिकडे गेलेली त्याने पाहिली.

"मासे खात नाही मी," तो म्हणाला. "पण हात दिवसभर त्यांच्यातच. या हातांनी माळेला शिवायचं कसं? म्हणून काढून ठेवली."

मी त्याला म्हटलं, "दोन महिने मी तुझ्या आईला तुझी खोटी खुशाली सांगते आहे."

"खोटी कुठे?" तो म्हणाला. "जेवतोच की मी रोज."

आत्या वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाली, "गुरुवारी अकरा वाजता ऑफिसात ये. आईशी स्वतः बोल. या मुलीला तुझ्यापायी पुन्हा खोटं बोलायला लावू नकोस."

गुरुवारी तो आला. धुतलेला सदरा, चापून बसवलेले केस. देसाईसरांनी त्याला पाहिलं, मला पाहिलं, आणि म्हणाले, "मी खाली चहाला जातोय. दहा मिनिटांनी येईन." ते गेल्यावर बाकीच्या चौघींनी खुर्च्या वळवल्या. रेखा, तुला आठवत असेल, तू त्याला बसायला तुझं स्टूल दिलं होतंस.

सव्वाअकराला फोन आला. "बेटा, तू कशी शे? तो जेवना का?"

मी म्हटलं, "माय, आज तो माझ्या जोडेच बसला आहे. त्यालाच विचार." आणि हेडफोन काढून त्याच्या डोक्यावर घातला.

पहिला मिनिटभर तो नुसतं "हां माय, हां माय" म्हणत होता. मग त्याने डोळे मिटले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. काम सोडलं, दुधनी, होडी, मासे, खिळ्यावरची माळ. आमच्या खोलीत कुणी कळ दाबत नव्हतं. वेणूमायचा आवाज एवढा मोठा की हेडफोनबाहेरही ऐकू यायचा, त्यामुळे पुढचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

"तू मासे खास का?"

"नही माय."

"मंग कामले कसानी लाज? हात धोईसन माळ घाल." आणि लगेच, "ते पानी खोल शे का रे? तुले पोहता येस ना?"

सुपडू हसायला लागला आणि हसता हसता रडला. आम्ही पाचही जणींनी आपापल्या पडद्यांकडे तोंडं वळवली. देसाईसर दहा मिनिटांऐवजी वीस मिनिटांनी आले.

त्या दिवाळीत वेणूमाय स्वतः दुधनीला आली. होडीत बसली, पाण्याला नमस्कार केला. परतताना ऑफिसात मला भेटायला आली. पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "आवाज केवढा मोठा, आन तू त काडी शे." ज्वारीच्या बिबड्यांची, म्हणजे खानदेशी पापडांची, पिशवी माझ्या टेबलावर ठेवून गेली. त्यातल्या अर्ध्या मी ईश्वरभाईंकडे पाठवल्या. त्यानंतर ऑफिसात नवा नियम आला, निरोपाखाली पाठवणाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

तुमच्यापैकी कुणाला मी हे कधी लिहिलं नाही, पण सुपडू आईशी बोलला त्या गुरुवारी ऑफिस सुटल्यावर मी खूप उदास झाले होते. दिवसाला दोनशे निरोप पाठवणारी मी, मला स्वतःच्या घरी एक निरोप पाठवता येत नव्हता. बाबांची कार्डं यायची, येथील सर्व कुशल, आणि ती वाचेपर्यंत तिथलं कुशल पंधरा दिवसांचं जुनं झालेलं असायचं. आत्याला ते कळलं असावं. तिने बाजारातून आणलेल्या माशांचं आईच्या आमसुलांतलं कालवण केलं आणि मला दोनदा वाढलं.

पेजरचा जमाना दोन-तीन वर्षांत आटोपला. वापीकडून मोबाइल आला. मी त्याच्या दुकानात काउंटरवर लागले. गिऱ्हाइकांना हातातल्या हातात मेसेज टाइप करून पाठवायला शिकवायचं हे माझं काम. लोक पहिला मेसेज शेजारी उभ्या असलेल्या माणसालाच पाठवायचे आणि त्याचा फोन वाजला की दोघे लहान मुलांसारखे हसायचे. मधे बसणारी मुलगी आता कुणाला लागणार नव्हती. मला वाटलं होतं तेवढं वाईट काही वाटलं नाही. मध्येच कुणीतरी येऊन विचारायचं, बेन, मराठी इंग्रजीत कसं लिहू, आणि मी सांगायचे, माळ असेल तर तुळशीची माळ असं पूर्ण लिहा.

त्याच सुमारास आपल्या वाडीत फोन आला. आणि नव्याण्णवच्या दिवाळीनंतर बाबा पहिल्यांदा सिल्वासाला आले. तोवर माझं लग्न झालं होतं, आमली भागात दोन खोल्या होत्या. बाबा दोन दिवस अवघडून बसले. पाण्याची चव वेगळी, भाकरी वेगळी, शेजारी गुजराती. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुढच्या अंगणात बसून शेजारच्या ठाकोरभाईंच्या पपईला आळं करून दिलं, आणि मग त्यांचा आवाज मोठा झाला. संध्याकाळी मी मोबाइलवर गावचा नंबर लावून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो हात लांब करून धरला आणि राजापूरपर्यंत तसाच पोचेल एवढ्या जोरात बोलायला लागले. आईने विचारलं असणार, कुठे आहात?

"घरीच आहे गो," बाबा म्हणाले. "म्हणजे आपल्या कल्पीकडे."

त्यांना आपण काय म्हणालो ते कळलंही नसेल. पुढे ते गाईचं आणि नारळांचं विचारत राहिले. मी आत येऊन उगीच भांडी आवरली. साडेतीन वर्षं मी "खोलीवर जाते" म्हणत होते, लग्नानंतरही तोंडात तेच बसलं होतं. त्या दिवसापासून ते सुटलं.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. आई नितीनकडे, त्याच आपल्या वाडीत. हल्ली रोज सकाळी तिचा चेहरा माझ्या फोनवर येतो. बहुतेक वेळा नुसतं कपाळ आणि मागचं छप्पर दिसतं. आमच्या त्या पहिल्या मोबाइलमध्ये एक नाव दोनदा ठेवता यायचं नाही, म्हणून गावचा नंबर मी 'घर' ठेवला होता आणि इथला 'घर एक'. आताच्या फोनला मराठी येतं आणि तो अशी हरकतही घेत नाही, त्यामुळे दोन्ही नंबर नुसते 'घर'. मी बाहेरगावी असले की त्याला म्हणते, घरी फोन लाव. तो दोन्ही नंबर पुढे ठेवतो आणि विचारतो, कुठल्या घरी? मी बहुधा आधी आईला लावते. ती लवकर झोपते.